युद्धाच्या बातम्यांत माणसं कुठे असतात?

उंबरठा (धागाकर्ता)
7 मे 2025 ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि त्याच पहाटेपासून पूंछवर पाकिस्तानी तोफगोळे पडू लागले. शाळकरी मुलं गेली, गुरुद्वाऱ्यालाही झळ बसली. आपल्या बऱ्याच वाहिन्या तेव्हा ग्राफिक्समधली विमानं उडवत होत्या. पुढच्या रात्री तर 'कराची बंदर उद्ध्वस्त'. बंदर जागच्या जागी होतं! स्टुडिओत भोंगे इतके वाजले की 10 मे रोजी सरकारनेच बजावलं, सायरनचा आवाज वापरू नका, लोकांना त्याची सवय होईल.

पूंछ अजिबात दिसलं नाही असं नाही. गोळीबारात गेलेल्या एका मदरसा शिक्षकाला काही वाहिन्यांनी फोटोसकट 'दहशतवादी' करून टाकलं. पूंछ पोलिसांना खुलासा काढावा लागला.

आपलीच माणसं मेली, त्यांची साधी नीट बातमीही होऊ नये?

रोखठोक
असहमत. लढाई चालू असताना रडारड कसली दाखवायची? 26/11 विसरलात? तिकडे बसलेले सूत्रधार आपल्या वाहिन्या बघून हुकूम सोडत होते. कसाबच्या निकालात (2012) सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना झापलं ते यावरूनच. फेकाफेकीचं समर्थन नाही, पण मनोधैर्य म्हणून काही असतं.

उंबरठा
26/11 ला घोळ झाला तो सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवल्याने. पूंछच्या इस्पितळातली जखमी बाई दाखवली तर कुठला बेत फुटतो?

साताऱ्याकडचा
मी तिसरंच सांगतो. आमच्या भागात घरटी फौजी. कारगिलला (1999) पार्थिवं गावोगाव आली तेव्हापासून कॅमेरेही मागोमाग येतात. आमच्या भावकीतला पोरगा गेला, तेव्हा त्याच्या आईला अजून सांगितलं नव्हतं. डॉक्टर आले की मग सांगू, असं ठरलेलं. तोवर ओसरीवर वायरी पसरल्या होत्या आणि एकाने माइक पुढे केला, "काकू, आता काय वाटतंय?" तिला कळलं ते असं. यालाच माणसं दाखवणं म्हणत असाल तर नकोच.

दजला
पण न दाखवण्याचीही किंमत असते. 13 फेब्रुवारी 1991, बगदादमधला अमिरिया निवारा, बॉम्बहल्ल्यांपासून लोकांनी लपायचा. दोन अमेरिकी बॉम्ब, चारशेच्या वर मृत, बहुतेक बायका-मुलं. तोवर आखाती युद्ध म्हणजे अचूक क्षेपणास्त्रांची हिरवट चित्रफीत होती. अमेरिका म्हणत राहिली, ते लष्करी केंद्र होतं. पण जळालेले देह बाहेर काढताना जगाने पाहिले (पाश्चात्त्य वाहिन्यांनी बरंच कापून दाखवलं, तरीही) आणि त्यानंतर बगदाद शहरावरचे हल्ले खूपच आवरते घेतले गेले.

रोखठोक
वा! म्हणजे माझाच मुद्दा. चित्रं दाखवली की हात आखडतो. आपण आपलाच हात आखडून घ्यायचा?

उंबरठा
अहो, पूंछची माणसं पाकिस्तानच्या तोफांनी मेली. ती दाखवून आपला हात कसा आखडेल? उलट जगापुढे मांडायला तोच तर पुरावा होता. तो सोडून तुमच्या वाहिन्या खोटं कराची घेऊन बसल्या.

@साताऱ्याकडचा, माइकबद्दल शंभर टक्के सहमत. पण तो प्रकार बेशरमपणाचा. घरच्यांना विचारून, दोन दिवस थांबूनही बातमी करता येते.

साताऱ्याकडचा
दोन दिवसांनी कोण येतंय? तेराव्यालासुद्धा कुणी फिरकलं नाही.