घराण्याची जुनी कागदपत्रं: नोंदवही आणि सूची कशी लावावी? (नाशिक)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. घराण्याचे कागद बरेच जमले आहेत: मोडीतली खरेदीखतं, फेरफाराचे (जमिनीच्या नोंदीतल्या बदलांचे) उतारे, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, फोटो आणि रामकुंडावर येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या उपाध्यायांच्या वहीतल्या नोंदींचे मोबाइलवर घेतलेले फोटो. माणसागणिक फाइल करायला घेतली, पण एकाच खतात चार भाऊ आणि त्यांची आई आहे. ते कोणाच्या फाइलीत ठेवायचं? सुरुवात कुठून करावी?

मोडीवाचक:
माणसागणिक फाइली नकोतच. एका खताच्या पाच झेरॉक्स होतात आणि पुढे मूळ कुठे आहे तेच सापडत नाही. क्रमांक कागदाला द्या, माणसं सूचीत शोधा. एक्सेलमध्ये तीन शीट पुरतात.

पहिली शीट कागदांची: क्रमांक (०००१ पासून), प्रकार, तारीख जशी लिहिली आहे तशीच, इसवी तारीख, गाव-तालुका, कोणाकडून मिळाला, मूळ की नक्कल, पानं. दुसरी माणसांची. तिसरी जोडणीची, आणि खरं काम हीच करते. एका ओळीत एक कागद, एक माणूस आणि त्याची भूमिका: देणार, घेणार, साक्षीदार. साक्षीदार गाळू नका. तिथे बऱ्याचदा भाऊबंद किंवा सोयरे असतात, आणि तुटलेला धागा तिथेच जुळतो.

माणसाला नावाने ओळखायचं नाही, क्रमांकाने ओळखायचं. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने एकाच नावाचे दोघे-तिघे हमखास निघतात. बाईचा क्रमांक एकच, माहेरचं आणि सासरचं नाव वेगळ्या रकान्यांत. जुन्या कागदात आडनाव नसेल तर 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. आडनावाचा रकाना अंदाजाने भरू नका, रिकामा ठेवा.

पंचांग_७८:
तारखांचे दोन रकाने हवेतच. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शके १८१४ चा चैत्र १८९२ मध्ये येतो, त्याच शकाचा माघ १८९३ मध्ये. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) असतो आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. त्यात जून ते डिसेंबर ५९९ मिळवायचे, पुढे ६००. आपल्याकडच्या फसली सनात (महसुली वर्षात) साधारण ५९०. मूळ तारीख ठेवली नाही तर बेरजेतली चूक पुढे कधीच सापडत नाही.

गावाच्या रकान्यात तेव्हाचा जिल्हाही लिहा. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्याआधी मालेगाव, बागलाण, नांदगाव खानदेशात होते, बाकीचा बराच भाग अहमदनगरकडे. जुने कागद त्या नावाखाली शोधावे लागतात.

गोदाकाठ:
उपाध्यायांच्या वहीतली नोंद पुरावा म्हणून कितपत धरावी?

मोडीवाचक:
एकाच नोंदीत दोन दर्जे असतात. अमुक तिथीला अमुक माणूस आला आणि त्याने सही केली, हे पक्कं. त्याने सांगितलेली पणजोबाची नावं आठवणीतली, म्हणून 'ऐकीव'. जोडणीच्या शीटमध्ये हा दर्जा लिहा. फोटो घेतानाच परवानगी, उपाध्यायांचं घराणं, वही आणि पान टिपून ठेवा. नुसता फोटो असेल तर ती नोंद पुन्हा काढून दाखवता येत नाही.

फेरफारालाही हेच लागू. नाव नाही म्हणून मुलगी नव्हती असं धरू नका. जुन्या वारसनोंदींत मुली बऱ्याचदा गाळलेल्या असतात. गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवही, मिळाली तर तीही पाहा.

कागदकाळजी:
स्कॅनच्या आधी: लॅमिनेशन कधीही नको, ते परत निघत नाही. सेलोटेप पिवळी पडून शाई खाते. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, हलक्या हाताने सैल करून काढा. क्रमांक मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात. फोटोवर मात्र काहीच नको, पाकिटावर लिहा. साधे पीव्हीसी पाउच फोटोला चिकटतात, आम्लरहित कागदाची पाकिटं घ्या. नाशिकच्या पावसाळ्यात गठ्ठे उघडू नका, दमट कागदाला बुरशी लागते. दिवाळीनंतरची कोरडी हवा चांगली. गठ्ठा सोडण्याआधी आहे त्या क्रमाचा फोटो घ्या.

कागद ४०० डीपीआय, फोटो ६०० डीपीआय, स्कॅनची मूळ प्रत टिफमध्ये (TIFF, दर्जा न घटवणारा फाइल प्रकार). फाइलच्या नावात फक्त क्रमांक आणि पान: ००४२_०१. वर्ष किंवा नाव घातलंत, तर तारीख दुरुस्त झाली की फाइलीचं नाव आणि शीटमधली लिंक दोन्ही बदलावं लागतं.

पंचांग_७८:
वंशवेल काढायला ग्रॅम्प्स (Gramps) हे सॉफ्टवेअर वापरा, मोफत आहे आणि त्यातून जेडकॉम (GEDCOM) फाइल निघते, ती वंशावळीच्या इतर सॉफ्टवेअरमध्येही उघडते. पण आधी शीट. सगळ्याच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे.