सल्ला हवा: डेटाबेसमधून नाइममध्ये येताना लांब क्रमांकांचा शेवटचा अंक बदलतो

निळीशाई
नमस्कार. आमच्या डेटाबेसमध्ये खाते क्रमांकाचा कॉलम न्युमेरिक (सगळे अंक नेमके जपणाऱ्या) प्रकाराचा असून त्यात सोळा अंकी क्रमांक आहेत. नाइम या डेटा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधील माझ्या वर्कफ्लोमध्ये (नोड म्हणजे टप्पे जोडून केलेल्या साखळीत) तो डबल, म्हणजे मर्यादित अचूकतेची दशांश संख्या, म्हणून उतरतो आणि ९००७१९९२५४७४०९९३ या क्रमांकाचा ९००७१९९२५४७४०९९२ होतो. त्यामुळे शेजारशेजारची दोन खाती एकच ठरली आणि दोघांची रक्कम एकाच ओळीत जमा झाली. डेटा वाचणाऱ्या रीडर नोडच्या पुढे संख्येची स्ट्रिंग (मजकूर) करणारा ‘नंबर टू स्ट्रिंग’ नोड लावून पाहिला, पण काही उपयोग झाला नाही. असे एकूण तीन कॉलम आहेत. नवीन सॉफ्टवेअरसाठी पैसे नाहीत आणि हातात दोनच दिवस आहेत. रूपांतर आपल्या मनाप्रमाणे कसे ठरवावे?

सातवी_ओळ
मी अनेक वर्षे ऑल्टेरिक्स हे अशाच कामाचे सॉफ्टवेअर वापरतो आणि तेच सुचवेन. त्यातील सिलेक्ट टूलमध्ये प्रत्येक कॉलमसमोर त्याचा प्रकार निवडता येतो. परवान्याला पैसे लागतात हे मान्य आहे, पण एकदा चुकीचा अहवाल वरपर्यंत गेला की जो मनस्ताप होतो, त्यापुढे तो खर्च मला कधीच जड वाटला नाही.

जोडाक्षर
प्रश्नकर्त्याने पैसे नाहीत असे स्पष्ट लिहिले आहे, त्यामुळे मूळ प्रश्नाकडे वळतो. डबलमध्ये अंकांसाठी ५३ बिट असतात, म्हणून ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे काही पूर्णांक त्यात मावत नाहीत आणि जो मावत नाही तो शेजारच्या पूर्णांकावर जाऊन बसतो. तुमचा ‘नंबर टू स्ट्रिंग’ नोड चालला नाही, कारण तो अंक हरवल्यानंतर येतो. रूपांतर ठरवायचे ते डेटाबेस कनेक्टरमध्येच, म्हणजे डेटाबेसशी जोडणाऱ्या नोडमध्येच. त्याच्या खिडकीत ‘इनपुट टाइप मॅपिंग’ हा टॅब आहे आणि तिथे नियम दोन प्रकारे लिहिता येतात: कॉलमच्या नावानुसार आणि डेटाबेसमधील प्रकारानुसार. नावाचा नियम आधी लागू होतो व तो जुळला नाही तरच प्रकाराचा नियम पाहिला जातो. तुमच्या तीन कॉलमांच्या नावांत समान भाग असेल, तर एका रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (नावे जुळवण्याच्या नमुन्यात) तिन्ही बसतील. प्रकार स्ट्रिंग ठेवा, कारण खाते क्रमांकांची बेरीज कुणी करत नाही.

पाऊलवाट
एनएटएन हे कामे आपोआप चालवणारे सॉफ्टवेअर वापरून पाहा. त्यात फील्ड संपादित करण्याच्या नोडमध्ये प्रत्येक फील्डचा प्रकार ठरवता येतो. माझी सगळी कामे त्यावरच चालतात.

जोडाक्षर
एनएटएन जावास्क्रिप्टवर चालते आणि तिथल्या साध्या संख्याही डबलच असतात, त्यामुळे क्रमांक संख्या म्हणून आत आला तर तीच मर्यादा तिथेही आडवी येईल.

उंबरठा
वर सांगितलेलेच पुन्हा सांगतो, कारण मला त्याची किंमत मोजावी लागली आहे: स्ट्रिंगच करा, पण फक्त नावाच्या नियमाने. मी घाईत संपूर्ण न्युमेरिक प्रकाराला स्ट्रिंग लावले आणि रकमांचे कॉलमही मजकूर झाले. ‘ग्रुप बाय’ नोडमध्ये बेरजेचा पर्याय दिसेना आणि क्रमवारीत १० हा आकडा ९ च्या आधी येऊन बसला. परत लिहितानाही मी असाच फसलो. वर्कफ्लोने नवी टेबल तयार केली, तेव्हा क्रमांकाचा कॉलम व्हारकॅर, म्हणजे डेटाबेसमधील मजकुराच्या प्रकाराचा, झाला. त्यासाठी ‘आउटपुट टाइप मॅपिंग’मध्ये वेगळा नियम लागतो, ही गोष्ट मला तिसऱ्या दिवशी सापडली.

दोनटोके
माझ्या मते सॉफ्टवेअरने प्रकाराचा अंदाज बांधणेच बंद व्हायला हवे. एक्सेल काही जनुकांची नावे तारखा समजून बदलत असे, म्हणून २०२० मध्ये मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने ती नावेच बदलली. मार्च१ चे मार्चएफ१ झाले.

उंबरठा
उदाहरण चांगले आहे, पण इथे अंदाजाचा प्रश्न नाही. डेटाबेसने प्रकार स्पष्ट सांगितला आहे, फक्त त्याची जोडी चुकीच्या प्रकाराशी लागली आहे.

निळीशाई
सर्वांचे मनापासून आभार. मॅपिंगचा टॅब उघडून पाहिला आणि नियम लिहिल्यावर शेवटचा ३ जागेवर आला, तेव्हा फार बरे वाटले. तरीही मी तो नियम काढून टाकला आणि क्वेरीतच तिन्ही कॉलम व्हारकॅरमध्ये कास्ट (रूपांतरित) केले. हा वर्कफ्लो माझ्यानंतर दुसरे कुणीतरी चालवणार आहे. कनेक्टरच्या आतल्या टॅबमध्ये लिहिलेला नियम त्यांच्या नजरेला पडेल याची मला खात्री वाटत नाही, पण क्वेरी ते नक्की वाचतील.

जोडाक्षर
मी मॅपिंगच ठेवले असते. कास्ट करायचेच असेल तर टेबलांच्या जोडणीच्या (जॉइनच्या) अटीत मात्र करू नका, कारण मग त्या कॉलमवरील इंडेक्सचा (शोध जलद करणाऱ्या सूचीचा) उपयोग बहुतेक वेळा होत नाही.

निळीशाई
जोडण्या मूळ न्युमेरिक कॉलमवरच ठेवल्या आहेत. कास्ट फक्त सर्वांत बाहेरच्या सिलेक्टमध्ये आहे.