मॉरिशस : एका दिवसात समुद्राकाठची ड्राइव्ह, कुठून कुठे?

सातारी_स्टिअरिंग (शाहूपुरी, सातारा)
राम राम मंडळी. मे अखेरीला मॉरिशसला चाललोय. मी, बायको, आठ वर्षांची लेक आणि आई. मुक्काम पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकला. एक दिवस भाड्याने गाडी घेऊन समुद्राकाठाने फिरायचा विचार आहे. बामणोलीचा रस्ता नेहमीचा, त्यामुळे वळणांचं काही वाटत नाही. बेट उभं जेमतेम ६५ किलोमीटर, म्हणजे अख्खी प्रदक्षिणा होईल असं नकाशावरून वाटतंय. आईला गंगा तलाव बघायचाच आहे, आणि लेकीला पाण्यात उतरायचंच आहे. कसं बसवू?

कऱ्हाडचा_भिडू
होते की भावा. पहाटे निघ, वर ग्राँ बे, पूर्वेला बेल मार, खाली माहेबूर, अंधार पडता परत. आम्ही केलीय.

मळीवाले_काका (इस्लामपूर)
होते, पण सगळं काचेतूनच बघावं लागतं. सातारकर, प्रदक्षिणा देवळाला घाला, बेटाला नको. नकाशावर किनाऱ्याला चिकटलेला वाटणारा रस्ता कितीतरी ठिकाणी आतून, उसातून जातो. तिथला गळीत हंगाम जूनच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा दोन्ही अंगांना डोक्यावर गेलेला ऊस. साखरेच्या कामासाठी मी तिथे राहिलोय, मला त्याची हौस. तुम्ही ऊस बघायला एवढं तिकीट कशाला काढताय?

फक्त दक्षिण किनारा धरा आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे या. तिथेही गाड्या डाव्या बाजूने चालतात. तोंड पश्चिमेला असलं की समुद्र डाव्या हाताला, आपल्याच कडेला राहतो. थांबायचं तर समोरची वाहतूक कापावी लागत नाही. शिवाय बेट विषुववृत्ताच्या खाली. मे महिन्यात तिथला सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे दक्षिणेच्या समुद्राकडे बघताना ऊन पाठीवर येतं आणि पाण्याचा रंग उघडून दिसतो.

सकाळी आठच्या आत निघून आधी गंगा तलाव उरका. जागा उंचावर आहे, बोचरा वारा आणि धुकं असतं, आईंना स्वेटर द्या. मंगल महादेवाची मूर्ती ३३ मीटरची, बडोद्याच्या सुरसागरातल्या मूर्तीच्या धर्तीवर केलेली. माकडं पिशवीवर झडप घालतात, केळी गाडीतच ठेवा. तिथून बुआ शेरीच्या चहाच्या मळ्यातून खाली सुयाकला उतरा. चहात व्हॅनिला घालतात. आमच्या मंडळींनी एक घोट घेऊन कप माझ्याकडे सरकवला.

सुयाकला ग्री-ग्री. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाचा बांध आहे, लाटा लांबवरच फुटतात आणि आतलं पाणी तळ्यागत शांत असतं. ग्री-ग्रीला तो बांध नाही. लाट थेट काळ्या कड्यावर आदळते, तुषार वरच्या गवतापर्यंत येतात. तास-दीड तास इथे घालवा, पण लेकीचा हात सोडू नका आणि पाण्यात अजिबात उतरू नका.

पुढे बेल ओंब्र. तिथला साखर कारखाना कधीच बंद पडला, आता हॉटेलं आणि गोल्फ. (मला बघवत नाही, तुम्हाला आवडेल.) मग बे द्यु काप. ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजणारा मॅथ्यू फ्लिंडर्स १८०३ साली याच खाडीत आला आणि फ्रेंचांनी त्याला सहा वर्षांच्या वर अडकवून ठेवलं. जवळच माकोंदेचं वळण. रस्ता खडकाला वळसा घालतो, खाली लगेच पाणी. गाडी वळणावर नको, अलीकडे लावून पायऱ्या चढा. आईंना खालूनही दिसेल.

शेवट ल मोर्नला. ५५६ मीटरचा सुळका, पळून आलेल्या गुलामांचा आसरा; २००८ पासून जागतिक वारसा. तिथल्या सार्वजनिक किनाऱ्यावर लेकीला सोडा, पायात रबरी बूट घालून, प्रवाळ कापतं. पावणेसहाच्या आतच सूर्य बुडतो, म्हणून चारला पोचा. सगळं मिळून शंभर-सव्वाशे किलोमीटर. शामारेलची रंगीत माती दुसऱ्या दिवशी.

आणि गोल चौक फार आहेत. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पोवई नाक्यावरचं "आधी घुसेल त्याचा रस्ता" तिथे चालत नाही.

विश्रामबागची_ताई (सांगली)
काकांचं सगळं बरोबर, पण जेवायचं काय? दादा, आईंसाठी सकाळीच वाटेत धोल पुरी बांधून घ्या. पुरणपोळीचीच बहीण, फक्त तिखटाची. पिवळ्या डाळीचं सारण, वर घेवड्याची आमटी आणि चटणी, आणि देतात जोडीनेच. दुपारनंतर गाड्यावर संपलेली असते. दक्षिणेकडे हॉटेलांबाहेर शाकाहारी शोधत बसलात तर ल मोर्नला चार वाजता नाही पोचणार. फ्लिक-आँ-फ्लाकजवळ कास्कावेलला जुनी मराठी वस्ती आहे, सवड काढून जा. बोलणं क्रिओलमध्ये होईल, पण गणपतीचा विषय काढून बघा. तिथे चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

सातारी_स्टिअरिंग
काका, ताई, लय आभार. प्रदक्षिणा रद्द. गाडी शनिवारी मिळतेय, चालेल ना?

मळीवाले_काका
नको. शनिवार-रविवार तिथली माणसं घरदार घेऊन किनाऱ्यावर येतात. पातेली, तंबू, ढोलकं, सगळं. मजा असते, पण ल मोर्नला गाडी लावायला जागा मिळत नाही. मंगळवार-बुधवार बघा. आणि लायसन्सचं मूळ कार्ड बरोबर घ्या, मोबाईलमधलं दाखवत बसू नका.