हलशीचं नरसिंहाचं देऊळ हेमाडपंती आहे का?

खानापूरची सून:
नमस्कार. सुट्टीत सासरी आलेय. काल सगळे मिळून बेळगाव जिल्ह्यातल्या हलशीला भूवराह नरसिंहाच्या दर्शनाला गेलो. देऊळ कुणी बांधलं म्हणून घरात विचारलं तर सासरे म्हणतात हेमाडपंत, आत्या म्हणतात पांडव, दीर म्हणतात कदंब राजे. मुलाला शाळेसाठी लिहून न्यायचंय. नक्की काय लिहू?

नंदगडकर:
वहिनी, दिरांचं खरं. कदंबच लिहा. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री पंडित, देवगिरीच्या यादवांचे मंत्री, म्हणजे १२६० नंतरचे. हलशीचा शिलालेख ११६९ चा, गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त पेर्माडी राजाच्या वेळचा. हेमाडपंतांचं नाव कुणाला ठाऊक व्हायच्या कितीतरी आधी इथं नरसिंहाची पूजा चालू होती! जुनं दगडी देऊळ दिसलं की आपल्याकडे सरसकट हेमाडपंती म्हणतात आणि ज्यांनी बांधलं त्यांचं नाव मागं पडतं. मला याचं फार वाईट वाटतं.

आत समोरासमोर दोन गाभारे आहेत, बघितलात ना? मधे उभं राहिलं की एका अंगाला नरसिंह, दुसऱ्या अंगाला भूवराह. पाचेक फूट उंचीचा वराह, भूदेवीला वर उचललेली. ही मूर्ती पेर्माडीचा भाऊ विजयादित्य याने ११८६-८७ मध्ये बसवली. थोरल्याच्या काळात नरसिंह, धाकट्याच्या काळात वराह, असं सांगा म्हणजे पोराच्या ध्यानात राहील.

हलशीचा रहिवासी:
वरचं बरोबर आहे, पण आमचं गाव त्याहून सातशे वर्षं जुनं आहे तेही लिहा. हलशी म्हणजे पलाशिका, गोव्याच्या कदंबांच्या आधीचे जे बनवासीचे कदंब, त्यांची दुसरी राजधानी. नंदगडच्या वाटेवर चक्रतीर्थ विहिरीजवळ ताम्रपट सापडले, जुने लेख वाचणारे इंग्रज अभ्यासक फ्लीट साहेब, त्यांनी ते वाचून छापले. एकात कदंबांचा युवराज काकुस्थवर्मा याने श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीला शेत दिलंय, कारण त्याने युवराजाचा जीव वाचवला होता. पुढच्या मृगेशवर्मा राजाने तर वडिलांच्या नावाने इथं जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधलं.

खानापूरची सून:
दोघांचेही आभार. सेनापतीचं शेत ऐकून मुलगा खूष! पुन्हा यायचं म्हणतोय. आणखी काय बघावं?

हलशीचा रहिवासी:
कल्मेश्वर आणि सुवर्णेश्वराची देवळं बघा. मग डोंगरावर रामतीर्थ. चढ आहे, ऊन व्हायच्या आत निघा आणि पाणी बरोबर ठेवा.