मंडळाच्या फॉर्मवरची आईंची जन्मतारीख उमेदवाराकडे कशी गेली?

दांडियाबाजारची
नमस्कार, बडोद्यातलं कोणी असेल तर जास्त बरं, कारण तुम्हाला मंडळं कशी चालतात ते माहितीय. मागच्या आठवड्यात सकाळी साडेनऊला आईंना (माझ्या सासूबाई, वय ७७) फोन आला. मी शेजारीच मेथी निवडत होते म्हणून सगळं ऐकू आलं. पलीकडून एकदम छान मराठीत त्यांचं नाव घेऊन वाढदिवसाच्या शुभेच्छा, तुमचा आशीर्वाद असू द्या, आणि मग आमच्या वॉर्डातून उभं राहायचं म्हणणाऱ्या एकाचं नाव. आई चक्क उठून उभ्या राहिल्या, म्हणाल्या थँक्यू बाळा, घरी ये ना चहाला, आणि तोवर फोन कट झालेला. टेप होती ती. त्यांना कळलंच नाही, दिवसभर खुशीत होत्या, देवाजवळ साखर ठेवली, समोरच्या काकूंना पण सांगून आल्या. मला त्यांना सांगवेना.

आता खरी गोष्ट. आईंची जन्मतारीख आधारवर, बँकेत, सगळीकडे १ जून आहे, शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली. खरी तारीख १० फेब्रुवारी. ती घराबाहेर एकाच जागी लिहिलेली आहे, मंडळाने पंचाहत्तरी झालेल्यांचा सत्कार केला तेव्हा त्यांनी स्वतः शाईपेनाने भरलेल्या फॉर्मवर. आणि फोन आला बरोब्बर १० फेब्रुवारीला.

मंडळात जाऊन विचारू का? घरचे म्हणतात सगळी आपलीच माणसं आहेत, कशाला वाईटपणा घेतेस. पण मला झोप लागत नाहीये. आणि कायद्याने हे चालतं का?

एक्सेलवाला
ताई तुमचा संशय बरोबर आहे, मी डेटाचंच काम करतो म्हणून सांगतो. मतदार यादी तर उघडच असते, निवडणूक अधिकाऱ्याच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळते, त्यात नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, घर नंबर, वय, ओळखपत्राचा नंबर. पण पूर्ण जन्मतारीख नसते आणि मोबाईल नंबर तर नसतोच. बडोद्यात आडनावावरून मराठी घरं वेगळी काढणं पाच मिनिटांचं काम, शेवटी ‘कर’ असलं की टाक बाजूला. अडतं ते मोबाईल आणि वाढदिवसावर, आणि ते दोन्ही कुठे एकत्र मिळतं? मंडळाच्या सभासद यादीत. दोन याद्या जोडल्या की झालं, नाव तेवढं प्रत्येक फोनला मशीन बदलून टाकतं.

२०१८ मध्ये फेसबुक आणि केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण निघालं होतं, आठवत असेल, एका प्रश्नावलीच्या ॲपमधून लोकांची फेसबुकवरची माहिती त्या निवडणूक प्रचाराच्या कंपनीकडे गेली होती. फेसबुकनेच तेव्हा सांगितलं होतं की भारतात ते ॲप फक्त ३३५ जणांनी घेतलं, पण माहिती गेलेली असू शकते अशांचा आकडा ५ लाख ६२ हजार, कारण प्रत्येकाच्या मागे त्याचे मित्र. मंडळाचा फॉर्म पण तसाच असतो बघा, एक जण भरतो आणि घरातल्या सहा जणांची नावं नंबर देऊन मोकळा होतो.

जुना_बडोदेकर
मला यात एवढं वाईट वाटत नाही, स्पष्ट बोलतो. गायकवाडांच्या काळापासून आपण इथे आहोत आणि आज निवडणुकीत मराठी माणसाला कोण विचारतं? एखादा उमेदवार मराठीत बोलतोय, म्हाताऱ्या माणसाला वाढदिवसाला आठवतोय, तर निदान आपण मोजले तरी जातोय. यादीच दिली नाही तर आपली संख्या दिसणार कशी?

रावपुऱ्याचं_दुकान
जुनेकाका, संख्या दाखवायची तर मंडळाने उमेदवाराला बोलवावं, समोर बसवावं, पाण्याचा प्रश्न विचारावा. आजीच्या तारखेची काय गरज? माझं कापडाचं दुकान आहे, गिऱ्हाइकांचे नंबर मी पण ठेवतो, दिवाळीला माल आला की मेसेज करतो, पण विचारून, आणि नको म्हटलं की काढतो. २०२३ च्या मे मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने सांगितलंच होतं की बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नका, तेव्हापासून मी काउंटरवर बोर्डच लावलाय. माझ्याकडे पण एक जण आला होता, सगळे नंबर द्या, अमुक रुपये देतो म्हणून. नाही दिले. गिऱ्हाईक मला नंबर देतं ते माझ्या तोंडाकडे बघून, तो विकला तर उद्या दुकानात कोण चढेल?

कोर्टाच्या_वाटेवर
कायद्याचं सांगते. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ती केस ज्यांच्या नावाने ओळखतात ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी २०१२ मध्ये आधारच्या विरुद्ध कोर्टात गेले तेव्हा ऐंशीच्या पुढे होते, म्हणजे वयाने तुमच्या आईंपेक्षा मोठे. त्यामुळे म्हाताऱ्यांना काय कळतंय हे कोणी ऐकवलं तर ऐकून घेऊ नका.

मग २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आला. तुमच्या केसमध्ये गंमत अशी की फॉर्म कागदावरच राहिला असता तर हा कायदा लागलाच नसता, पण ती माहिती कॉम्प्युटरवर चढवली की लागतो. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी वापरायची, संमती मागणारी सूचना मराठीतही मिळायला हवी कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांची सोय आहे, आणि संमती काढून घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं. दंड २५० कोटींपर्यंत. पण आत्ताच उड्या मारू नका, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. आणि मतदार यादीसारखी कायद्यानेच जाहीर केलेली माहिती यात येत नाही. म्हणून आज कोर्टापेक्षा चिटणिसांना लेखी पत्र द्या, पोच घ्या.

दांडियाबाजारची
सगळ्यांचे आभार. काल पत्र घेऊन गेले. चिटणीसकाकांनी कपाटातून फाइल काढली, आईंचा फॉर्म होता, निळ्या शाईत. काकांना खरंच माहीत नव्हतं. गणपतीची आमंत्रणं पाठवायला एका मुलाने सगळे फॉर्म एक्सेलमध्ये भरले, आणि काम वाटून घ्यायला ती फाइल कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, त्या ग्रुपमध्ये उमेदवाराचा माणूस पण आहे. पैसे कोणी घेतले नाहीत, वाईट हेतू पण नव्हता, पण ४०० च्या वर घरांची माहिती गेली आणि ती आता परत येत नाही, याचंच फार वाईट वाटतं.

काका संध्याकाळी घरी आले, आईंना सगळं नीट सांगितलं. आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, तारीख मी तुम्हाला दिली होती, तुम्ही सत्कार करणार म्हणून. त्याला कुठे दिली होती?

पुढच्या सभेत नवीन फॉर्मचा विषय घेणार आहेत, तारीख आणि नंबर लिहायचा की नाही ते ज्याच्या त्याच्यावर, आणि कशासाठी घेतोय ते वरच मराठीत छापायचं. असा मसुदा कोणाच्या मंडळाने केला असेल तर इथे टाका, रविवारच्या आत हवा आहे.