मदत हवी आहे: जीपीएसमधली ११ किमीची चूक खरी का?

नमस्कार मंडळी, भाचीला जीपीएस समजावताना मीच अडकलोय. वेगामुळे उपग्रहावरचं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, २०,२०० किमी उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ पुढे जातं. एकूण ३८ पुढे. इथवर ठीक. १९७७च्या एनटीएस-२ उपग्रहावर हे मोजूनही झालंय.

पण ‘घड्याळांची ही दुरुस्ती नसेल तर ठिकाण दाखवण्यात दिवसाला ११ किमी चूक’ असं जे सांगतात, ते पचत नाही. (३८ मायक्रोसेकंद गुणिले प्रकाशाचा वेग, एवढंच ते गणित!) रिसीव्हर (आपल्या फोनमधला जीपीएस) चौथ्या उपग्रहावरून स्वतःच्या घड्याळाची चूक काढतोच ना? मग सगळीच घड्याळं सारखी पुढे गेली तर ती त्यातच वजा होणार नाही का? आणि ‘नाविक’ या भारताच्या जीपीएससारख्या यंत्रणेचे उपग्रह ३६,००० किमीवर, त्यांचा फरक वेगळा. दोन्ही मिसळले तर? भाची रविवारी येतेय, वाचवा!