मदत हवी आहे: पुरानंतर भिंती आणि जुने फोटो कसे वाळवावेत?

नमस्कार मंडळी. घरात कमरेएवढं पाणी शिरलं होतं, ते आता ओसरलंय. माणसं सगळी सुखरूप आहेत. मेन स्विच बंदच आहे. इलेक्ट्रिशियनने वायरिंग आणि अर्थिंग तपासल्याशिवाय फ्रिजसुद्धा लावणार नाही. गमबूट, हातमोजे घालून चिखल ओला असतानाच काढला, कारण अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची भीती असते.

अडलंय ते भिंतींपाशी. ओलीवर 24 ते 48 तासांत बुरशी धरायला लागते म्हणतात, आणि कोपऱ्यांत काळे ठिपके दिसू लागलेत. खालचं प्लास्टर पोकळ वाजतंय. ते आत्ताच फोडावं की आधी वाळू द्यावं? रंगाची घाई करणार नाही, ओल आत कोंडून पोपडे येतात. पण भिंत आतून वाळली हे ओळखायचं कसं? प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून दुसऱ्या दिवशी आत दव धरलंय का बघायचं, हा उपाय कुणी केलाय का?

दुसरं, आणि मला जास्त लागलेलं: आईचे अल्बम. फोटो एकमेकांना चिकटलेत. कोरडे होऊ दिले तर ते कायमचे जखडतात, म्हणून अजून ओलेच ठेवलेत. स्वच्छ थंड पाण्यात सोडवून, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचे, एवढं माहीत आहे. सगळे एकदम होणार नाहीत. उरलेले पिशवीत घालून शेजाऱ्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवले तर चालेल ना? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया लवकर सांगा.